बारा घरांची सुनावणी

१

अकरा वाजून दहा मिनिटं झाली, तरी बारा खुर्च्यांपैकी नऊ रिकाम्याच होत्या.

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग समोरच्या तिघांकडे. शिवणकाम करणारी बाई, शहर बसचा चालक आणि शाळेत झाडलोट करणारी मावशी. तिघंही इस्त्रीचे कपडे घालून आले होते, आणि परक्याच्या लग्नात ओळखीचं कोणी न भेटल्यासारखे अवघडून बसले होते.

"बाकीचे कुठे आहेत?"

"येतीलच साहेब," चालक म्हणाला. "घराचं काम आहे. कोण चुकवेल?"

काम खरोखरच घराचं होतं. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या जागेवर बारा छोटी घरं बांधायची होती. ती मिळणार होती दिवसभर याच वस्तीत राबणाऱ्या, पण या वस्तीत राहणं न परवडणाऱ्या बारा कुटुंबांना. निवड झालेल्यांनी आज स्वतः हजर राहून होकार द्यायचा होता. एखाद-दुसरा आला नाही, तर त्याला पुढची तारीख मिळे. पण आठांपेक्षा कमी आले, तर प्रस्तावच बाद.

साडेअकराला अधिकाऱ्यांनी फाइलवर 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारला. दुपारी तीनच्या बैठकीत ती जागा वाहनतळाला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणकामवालीला रस्त्यात वायरमन भेटला. त्याचंही नाव यादीत होतं. तिचा राग अजून उतरला नव्हता.

"काल का आला नाहीस? तुमच्यामुळे आमचंही गेलं."

"काल?" वायरमन थांबला. "सुनावणी पुढच्या गुरुवारी आहे ना?"

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. वर कार्यालयाचं नाव, खाली शिक्का, आणि मधे चार ओळी: काही अडचणींमुळे सुनावणी एक आठवडा पुढे ढकलली आहे.

तिने तो कागद दोनदा वाचला. तिला असलं पत्र आलंच नव्हतं.

२

संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं की नऊच्या नऊ गैरहजर लोकांना तेच पत्र टपालाने आलं होतं, आणि कार्यालयाने ते पाठवलेलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी वेलांटीताईंच्या दारात एक बाई उभी होती. हातात तसंच एक पत्र.

वेलांटीताई हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झाल्यावरही त्यांचा हात थांबला नव्हता. दुकानाच्या पाट्या, बसथांब्यावरच्या सूचना, कुणाच्या घरची निमंत्रणपत्रिका, सगळीकडे त्या चूक दाखवत. लोकांनी चिडून नाव ठेवलं आणि तेच पुढे प्रेमाने रुळलं.

दारातल्या बाईला वस्तीने तेवढंही नाव दिलं नव्हतं. ती 'सरांकडची' होती. निवृत्त मुख्याध्यापकांना पक्षाघात झाल्यापासून, म्हणजे सात वर्षं, ती त्यांच्या मागच्या खोलीत राहून त्यांचं सगळं करत होती. नवरा शहराबाहेरच्या गोदामावर पहारेकरी. तो तिथेच चौघांच्या खोलीत राही. दोघांची भेट रविवारी. बारा घरांतलं एक त्यांचं होतं.

"ताई, तुम्हाला अक्षरातलं कळतं," ती म्हणाली. "हे कोणी केलं, बघाल का?"

वेलांटीताईंनी लगेच हो म्हटलं नाही, कारण त्यांना स्वतःची लाज वाटत होती. कारखान्याची भिंत त्यांच्या स्वयंपाकघराला लागूनच होती. महिन्यापूर्वी सरांच्या घरी, त्यांच्याच अध्यक्षतेखाली वस्तीची सभा भरली, तेव्हा कुणी पाण्याच्या दाबाची तक्रार केली, कुणी गाड्या कुठे लावणार विचारलं, कुणी नुसतंच 'कसले लोक येतील सांगता येत नाही' म्हणालं. वेलांटीताईंनीही हात वर करून विचारलं होतं, माझ्या खिडकीतल्या उन्हाचं काय? आणि परवा प्रस्ताव बाद झाल्याचं ऐकून त्यांच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर ऊन वाचलं.

"आत ये," त्या म्हणाल्या. "कार्यालयाचं आधीचं पत्रही आणलंयस का?"

तिने आणलं होतं. वेलांटीताईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. खऱ्या पत्रावरचा शिक्का जांभळा होता, खोट्यावरचा काळा. म्हणजे खऱ्या पत्राच्या डोक्याची आणि शिक्क्याची नक्कल काढून मधे नवा मजकूर बसवलेला. अक्षरंही जरा मोठी. पण हे कुणालाही दिसलं असतं. ताई मजकुराकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय झालं? चूक सापडली?"

"नाही ना," ताई हळूच म्हणाल्या. "एकही चूक नाही. हेच तर चुकतंय."

३

सोमवारी त्या कार्यालयात गेल्या. कारकुनाने त्यांना बघून मान खाली घातली. नोटीस फलकावरच्या प्रत्येक कागदाबद्दल त्याने त्यांची बोलणी खाल्ली होती.

"तुमच्या नोटिशीत काय लिहिलंय, वाचा," ताई म्हणाल्या.

"सुनावणीस उपस्थित राहावे."

"तसं वाचलंत. लिहिलंय काय? 'सुनावनीस उपस्थीत राहावे.' बाणातला ण गेला, आणि उपस्थितला दीर्घ वेलांटी."

"ताई, तो जुना नमुना आहे संगणकात. आम्ही फक्त तारीख बदलतो. पंधरा वर्षं तसाच जातोय."

"म्हणजे इथून निघालेल्या प्रत्येक पत्रात या दोन चुका असणार. खोट्या पत्रात नाहीत. ज्याने लिहिलं, त्याच्यासमोर तुमचं खरं पत्र होतं. जसंच्या तसं उतरवायचं होतं. तरी त्याच्या हातून त्या चुका झाल्या नाहीत."

कारकून विचारात पडला. मग त्याच्या चेहऱ्यावर सावध भाव आला. "राग मानू नका, ताई. पण इतकं शुद्ध या वस्तीत फक्त तुम्हीच लिहिता. आणि खिडकीचा प्रश्न तुमचाच होता."

तो म्हणाला ते तर्काला धरूनच होतं.

त्या अधिकाऱ्यांच्या खोलीत गेल्या. पत्र खोटं आहे हे अधिकाऱ्यांनी लगेच मान्य केलं. ते वाईट नव्हते, थकलेले होते.

"पण बाई, लोक आले नाहीत हे तर खरंच आहे ना? का आले नाहीत, त्याला फाइलमध्ये रकाना नाही. जागा गेली. पोलिसांत तक्रार द्या हवी तर. गुन्हेगार सापडेल कदाचित. घरं नाही सापडायची."

बाहेर पडताना ताईंनी कारकुनाला एकच प्रश्न विचारला. "बारा नावं आणि पत्ते कुणाकुणाकडे होते?"

"सगळ्यांकडेच म्हणा ना. यादी बाहेर फलकावर लावली होती." तो थांबला. "म्हणजे दुसरी यादी."

"दुसरी?"

"पहिली कच्ची होती, सभेपुरत्या तीनच प्रती काढलेल्या. तिच्यातल्या तिघांचे कागद अपुरे निघाले, म्हणून ते गळले आणि प्रतीक्षेतले तिघं वर आले."

"वर आलेले तिघं कोण?"

कारकुनाने वही उघडून बोट फिरवलं. "शिवणकामवाली, बसचालक आणि शाळेतली मावशी."

४

औषधाच्या दुकानाच्या पाटीवर 'सौंदर्य प्रसाधने' या शब्दातला अनुस्वार नव्हता. त्यावरून दुकानदार आणि वेलांटीताई यांचं आठ वर्षं वाकडं होतं. शिवाय घरांविरुद्धच्या अर्जावर सह्या गोळा करणारे औषधवालेच होते, आणि वस्तीतलं नक्कल काढायचं एकमेव यंत्रही त्यांच्याच दुकानात होतं. अख्खी वस्ती त्यांच्याकडेच बोट दाखवत होती.

"या," ते कडवटपणे म्हणाले. "तुम्हीच राहिल्या होतात. सकाळपासून तीन गिऱ्हाइकं दारातून परत गेली."

"तुमचा विरोध होता."

"होता आणि आहे. समोर उभं राहून केलाय, सहीनिशी. माझ्या बापाने या गल्लीत दुकान टाकलं तेव्हा इथे मोकळं होतं. आता औषधाची गाडी आत वळत नाही. हे बोलणं गुन्हा आहे का?" त्यांनी खणातून एक कागद काढला. "हा माझा हरकतीचा अर्ज. फलकावरच्या यादीचा फोटो काढून आणला होता. आयत्या वेळी घुसवलेल्या तीन नावांखाली रेघा मारल्यात, बघा. सभेच्या वेळी सरांच्या घरी मिळालेली पहिली यादीही आहे. मला दोन्ही याद्या पाठ आहेत, ताई. सुनावणी बुडवायची असती, तर बाराही जणांना पत्र घातलं असतं. तिघांना सोडायला मी काय खुळा आहे?"

ताई त्या रेघांकडे बघत होत्या. मग त्यांची नजर दुकानाच्या पाटीकडे गेली. या माणसाला खऱ्या पत्रातल्या चुका दिसल्याही नसत्या. त्याने त्या इमानाने उतरवल्या असत्या.

तेवढ्यात घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा खोकल्याचं औषध घ्यायला आला. ताईंना बघून त्यालाही काहीतरी आठवलं.

"ताई, तुम्ही पत्राचं बघताय म्हणे. मग माझंही बघा. माझं नाव त्या यादीतून कधीच कापलं. कागद कमी पडले म्हणाले. मग सुनावणी पुढे गेल्याचं पत्र मला कशाला?"

औषधवाले आणि वेलांटीताई दोघांनीही एकदम त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला आलं?"

"आलं की. टपालाने. मला वाटलं, पुन्हा घेतलं की काय. दोन दिवस झोप नाही लागली आनंदाने."

गळलेल्या उरलेल्या दोघांकडे ताई तिथूनच गेल्या. दोघांनाही पत्र आलं होतं.

५

त्या दुपारी वेलांटीताईंनी जेवण तसंच झाकून ठेवलं आणि कागदावर मांडणी केली.

पत्र लिहिणाऱ्याने तिघांना सोडलं नव्हतं. त्याने बाराच पत्रं पाठवली होती, फक्त पहिल्या यादीवरून. दुसरी यादी असते, हेच त्याला माहीत नव्हतं. ती छापून वाटली नव्हती, कार्यालयाबाहेर लावली होती. रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाने ती वाचली होती. म्हणजे लिहिणारा त्या रस्त्याने जात नव्हता.

पहिल्या यादीच्या प्रती तीनच होत्या. एक कार्यालयाच्या फाइलमध्ये, पण कारकुनाने तर दुसरी यादी स्वतः लिहिली होती. एक औषधवाल्यांकडे, आणि त्यांना दोन्ही पाठ होत्या. तिसरी सभेच्या अध्यक्षांकडे. आणि अशुद्ध शब्द बघून तो तसाच उतरवणं ज्याला जमलं नसतं, असा ताईंखेरीज वस्तीत एकच माणूस होता. निम्म्या वस्तीला त्यांनीच लिहायला शिकवलं होतं.

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. सगळं जुळत होतं, पण त्यांना आनंद झाला नाही. त्या सभेत घरांच्या बाजूने एकच माणूस मनापासून बोलला होता. "ज्यांच्या जिवावर आपण जगतो, त्यांना आपल्या शेजारी राहू द्यायला काय हरकत आहे?" चाकांच्या खुर्चीत बसून, तोंड जरा वाकडं होत असतानाही एकेक शब्द स्वच्छ उच्चारत सर बोलले होते, आणि ताईंनी वर केलेला हात खाली घेतला होता.

सरांच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. त्या पायऱ्यांवरून खुर्ची उतरत नसे. चार वर्षांत ते रस्त्यावर आले नव्हते.

ताई आत गेल्या तेव्हा सर खिडकीपाशी वाचत बसले होते. मांडीवरच्या कागदावर बातम्या होत्या, अंधूक डोळ्यांना दिसाव्यात म्हणून मोठ्या अक्षरांत छापलेल्या. कोपऱ्यात छोटं छपाईयंत्र होतं, नक्कलही काढणारं. मुलाने घेऊन दिलेलं.

"बसा, ताई. पत्राचा छडा लागला म्हणे."

"तुम्ही गळलेल्या तिघांनाही पत्रं घातलीत, सर."

सरांनी कागद बाजूला ठेवला. मग विचारलं, "कोण गळलं?"

ताईंनी तिघांची नावं सांगितली. कोण वर आलं, तेही. सर ऐकत राहिले. "हिने सांगितलं नाही मला," मागच्या खोलीकडे बघत ते म्हणाले. "स्वतःचं नाव आहे, एवढंच म्हणाली होती."

"सभेत बोललात ते खोटं होतं?"

"नाही. त्यातला शब्दही खोटा नव्हता. घरं व्हावीत असं मला फार वाटत होतं. यादी हातात घेतली, त्यात हिचं नाव वाचलं, तोवर वाटत होतं."

"तिचं घर झालं असतं तरी ती आलीच असती. गल्लीच्या टोकाला तर होतं."

"दिवसा आली असती. रात्रीचं काय? मागच्या वर्षी ही एका रविवारी नवऱ्याबरोबर त्याच्या गावी राहिली होती. मी न्हाणीघरात पडलो. सकाळपर्यंत फरशीवर होतो, ताई. ओरडलो तर आवाज निघत नव्हता. मुलगा फोनवर एकच शब्द बोलतो, वृद्धाश्रम. नाहीतर दुसरी बाई ठेवा म्हणतो. मला उचलणारे हात बदलले की मला घाम फुटतो." त्यांनी श्वास घेतला. "एकट्या हिला थांबवून भागलं नसतं. तिला दुसरी तारीख मिळाली असती. म्हणून सगळ्यांचंच थांबवलं. बाकीची अकरा कुटुंबं मी डोळ्यांसमोर येऊच दिली नाहीत."

ताईंना एकच गोष्ट अजून जुळत नव्हती. "पायऱ्या तुम्हाला उतरता येत नाहीत. मग पत्रं पेटीत कोणी टाकली?"

सर ताईंच्या मागे, दाराकडे बघत होते.

६

दारात सरांकडची उभी होती. हातात कोमट पाण्याचं भांडं आणि खांद्यावर पंचा. ती तिथे किती वेळ होती, कोण जाणे.

"मी टाकली," ती म्हणाली. "बारा पाकिटं होती. रबर लावलेलं, वरचं पालथं. सर म्हणाले, शाळेच्या जुन्या मुलांना पत्रं आहेत. मी उलटून पाहिलं नाही."

तिने भांडं खाली ठेवलं.

"मंगळवारी मला पत्र आलं. पाकीट ओळखीचं वाटलं. सर म्हणाले, बघ, आठवडा पुढे गेलं. मी बरं म्हटलं. कार्यालय दहा मिनिटांवर आहे, ताई. जाऊन विचारलं असतं तर सगळ्यांची घरं झाली असती. मनात आलं होतं. पण मनात आलेलं खरं धरलं असतं, तर मी राहिले असते कुठे?"

"मग माझ्याकडे का आलीस?" ताईंनी विचारलं. "तुला तर माहीत होतं."

"माहीत नव्हतं. वाटत होतं. म्हटलं, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही दुसरं कोणीतरी शोधून काढाल. औषधवाले निघाले असते तर किती बरं झालं असतं."

सरांनी तोंड खिडकीकडे वळवलं होतं. त्यांचा लुळा हात खुर्चीच्या दांडीवरून खाली घसरला होता. तिने पुढे होऊन तो सरळ करून मांडीवर ठेवला. रोजच्या सवयीने, त्यांच्याकडे न बघता.

वेलांटीताईंचा स्वतःवर असलेला भरवसा त्या दुपारी संपला. इतक्या वर्षांत त्यांनी कागदावरची चूक दाखवली की कोणीतरी ती दुरुस्त करत असे. इथे चूक सापडली होती आणि ती दुरुस्त करायला कोणी नव्हतं. पोलिसांत गेलं तर पहिला प्रश्न येणार, पेटीत कोणी टाकली? वस्तीला सांगितलं तर मुलगा सरांना नेऊन ठेवणार आणि मागच्या खोलीला कुलूप लागणार. गप्प बसलं तर औषधवाल्यांचं दुकान ओस पडणार आणि अकरा घरांतली माणसं एकमेकांकडे संशयाने बघत राहणार. आणि काहीही केलं तरी कारखान्याच्या जागेवर गाड्याच उभ्या राहणार.

"अकरा कुटुंबं आहेत गं," त्या म्हणाल्या. "त्यांना कळायला हवं."

"हवंच. शिवणकामवालीनं दोन महिने माझ्याशी पडद्यांच्या गप्पा मारल्यात. मी तिच्या दारावरून जात नाही आता." तिचा आवाज चढला नव्हता. "सांगा तुम्ही. मी अडवत नाही. फक्त नवऱ्याला काय सांगू, तेही मला सांगून जा. तो रविवारी यायचाय. त्याने तिथल्या खोलीतली खाट विकून टाकली आहे, घर मिळणार म्हणून."

ताई उठल्या. दारापर्यंत गेल्या. चप्पल पायात घातली आणि तशाच उभ्या राहिल्या. उजवीकडे गेलं तर शिवणकामवालीचं घर, डावीकडे स्वतःचं.

"ताई," आतून हाक आली. "जरा थांबता का? सरांना खुर्चीत बसून तीन तास झाले. पाठीला जखमा होतात. रोज एकटी उचलते, पण आज हातात जोर नाही."

वेलांटीताई चप्पल काढून परत आत आल्या. तिने त्यांना कुठे उभं राहायचं ते दाखवलं. एक हात काखेखाली, एक गुडघ्याच्या मागे. सर डोळे मिटून होते. मिटलेल्या पापण्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला कोणाचाच हात मोकळा नव्हता. उचललं तेव्हा त्यांचं वजन ताईंना वाटलं होतं त्याच्या दुप्पट निघालं. खुर्ची आणि पलंगाच्या मधे ताईंचा हात सुटू लागला.

"सोडू नका," सरांकडची म्हणाली. "सोडलं तर ते पडतील."